नळ बंद केला का?



मागे आम्ही लग्नासाठी गावी गेलो आणि इकडे वॉशिंग मशीनची नळी फुटली. खालच्या वहिनींच्या देवघरात पाणी गळलं. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. चूक माझीच होती. नळ उघडा राहिला, की नळीवर चोवीस तास दाब असतो.

म्हणून धुणं झालं, की नळ बंद करा. नळी स्टीलच्या जाळीची घ्या. पण जाळीआड रबर जुनं होतंच, तेव्हा वरून चांगली दिसली तरी ५ वर्षांनी बदला. वॉशर तपासा. मशीन भिंतीला चिकटवू नका, नळी दुमडते.

गावाला निघताना गॅस बघतो, तसा हा नळही बघा. खाली कुणाचं तरी देवघर आहे.