ट्रेनरचा हिशेब

पहाटे साडेपाचला स्कूटरला चटया बांधून घरोघरी योग शिकवायला निघणारे प्रशिक्षक आपल्या ओळखीचे असतात. त्यांची कमाई पगार नव्हे, व्यवसायाचे उत्पन्न. त्यामुळे कर लागतो तो जमा झालेल्या फीवर नाही, खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर. ‘नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत’ असे ऐकून कितीतरी जण हा हक्क सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. पीपीएफची सूट तिथे नाही, खरे. पण धंद्याचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो. हॉलचे भाडे, चटया, जाहिरात, शिकवणीला जाण्यायेण्याचे पेट्रोल. स्वतःची प्रोटीन पावडर मात्र नाही.

यंत्राचे गणित वेगळे. एक लाखाची ट्रेडमिल घेतली, तर पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे १५,००० रुपये; पुढच्या वर्षी उरलेल्या ८५,००० वर १५ टक्के. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर निम्माच. पैसे बँकेतूनच द्या. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर तो खर्च सहसा धरत नाहीत.

अनुमानित नफ्याची सोपी पद्धत निवडणाऱ्यांना हे खर्च वेगळे दाखवता येत नाहीत. बाकीच्यांनी पेट्रोलपंपाच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढावा. त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. आणि जिमने टीडीएस कापला असेल, तर तो आपल्या पॅनवर जमा दिसतो का, हे विवरणपत्र भरण्याआधी पोर्टलवर पाहून घ्या.