माथेरानची लाल माती

नेरळहून घाट चढून गेलं, की माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते. पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर रिक्षातून. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे. 1907 साली छोटी रेल्वे आली आणि इथं पर्यटन वाढलं. आज गावाची चूल पर्यटकांवरच पेटते.

पण डोंगराचा माथा तेवढाच राहिला. लाल माती पावलांनी आणि टापांनी सुटी होते, पावसाळ्यात ती उतारावरून वाहून जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. पाण्यासाठी इथला शार्लोट तलाव एकटा पुरत नाही. खालून पाणी पंपानं वर चढवावं लागतं. प्लास्टिकचा कचरा दरीत गेला, तर तो कोण उचलणार?

म्हणूनच 2003 साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि बांधकाम व वृक्षतोडीवर बंधनं आली. इथलं जंगल हेच गावाचं भांडवल. ते खर्ची पडलं, तर पर्यटक तरी कशाला येईल?

म्हणून माथेरानला जाल, तेव्हा पाण्याची बाटली घरूनच न्या, पायवाट सोडू नका आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणा.