हार्ड डिस्कची लिपी

जुन्या घरात मोडी कागदांचं गाठोडं सापडलं, तर वाचता येत नाही म्हणून ते कुणी रद्दीत घालत नाही. निदान घालू नये. संगणक मात्र बेधडक तसाच सल्ला देतो. मॅकवर वापरलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क विंडोजला जोडली, की पुष्कळदा विचारणा होते : आधी फॉरमॅट करायची का? श्रोतेहो, अशा वेळी ‘हो’ म्हणू नका. डिस्क कोरी नसते. त्या संगणकाला तिची लिपी येत नसते, एवढंच.

ही लिपी म्हणजे फाइल सिस्टिम, कुठली फाइल कुठे ठेवली याची नोंदवही. विंडोजची एनटीएफएस, मॅकची एपीएफएस. मॅक एनटीएफएस वाचतो, पण आपणहून तिच्यात लिहीत नाही. जुनी फॅट३२ सगळ्यांना येते; मात्र तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आणि आम्हा कवींची तर तिथंच अडचण! मुशायरा तीन तास चालतो, अध्यक्ष रंगात आले तर चार. त्याचं चित्रीकरण ४ जीबीत कुठलं बसायला? चित्रीकरण करणाऱ्याकडे मॅक, माझ्याकडे विंडोज, मुलाकडे लिनक्स. त्या फितींत आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. ते पुन्हा कोण म्हणून दाखवणार?

यावर तोडगा एक्सफॅटचा. मायक्रोसॉफ्टनं ती २००६ मध्ये आणली, २०१० पासून मॅकला येऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचा तपशील खुला झाल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही आली. नवी डिस्क रिकामी असतानाच विंडोजमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’मध्ये एक्सफॅट निवडा. मॅकवर हेच काम ‘डिस्क युटिलिटी’त होतं.

डिस्क भरलेली असेल, तर आधी सगळं दुसरीकडे उतरवा. नुसतं उतरवून थांबू नका. तिथून दोन-चार फाइली उघडून, ऐकून पाहा. फॉरमॅट त्यानंतर.

एक्सफॅटचं एक उणं आहे. लिहिणं अर्धवट राहिलं, तर सावरून घेण्याची एनटीएफएससारखी सोय तिच्यात नाही. म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नका. माझ्या डिस्कवर तशी चिठ्ठीच चिकटवली आहे, मराठीत आणि उर्दूत.