परसातील खुराडे आणि उंदीर



परसातील आठ-दहा कोंबड्या हा घरच्या गृहिणीचा लहानसा हक्काचा गल्लाच होय. अंड्यांच्या पैशांत मुलांच्या वह्या येतात, एखादे वेळी औषधही येते. या गल्ल्यावर रात्री डल्ला मारणारा चोर म्हणजे उंदीर. त्याचा बंदोबस्त कसा करावा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहू. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. मोठा उंदीर २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच-सहा उंदीर पोसणे हे अंडे न देणारी एक कोंबडी पोसण्यासारखेच झाले. शिवाय लेंड्यांनी व मुताने तो पुष्कळ धान्य नासवितो, अंडी पळवितो, पिलांचे गळे फोडतो. याहून गंभीर गोष्ट रोगाची. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलपाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेवाटे माणसाच्या शरीरात शिरतात. जुलै २००५ मधील महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. बेळगाव-खानापूरकडील वा गोव्यातील पावसाळ्यात ओल्या परसात अनवाणी वावरणाऱ्यांनी हे विसरू नये.

उंदीर दिसला की आपला हात प्रथम विषाकडे जातो. मीही तेच केले होते. पंधरवडाभर सामसूम झाली. पण घरची मांजर दगावली आणि महिन्याभरात उंदीर पुन्हा हजर! त्याचे कारण उघड आहे. उंदराची मादी सुमारे बावीस दिवसांत विते आणि एका वेतास सहा-आठ पिले सहज होतात. खाद्य उघडे आहे तोवर मेलेल्यांची जागा भरून निघतेच. शिवाय विषारी आमिष कोंबड्याही टिपतात. म्हणून विष बाजूस ठेवावे आणि उंदराचे अन्न व वाट, ही दोन्ही तोडावीत.

अन्नाचा उपाय बिनखर्ची आहे. कोंबड्यांना दिवसाउजेडी संपेल इतकेच खाद्य घालावे. दिवेलागणीपूर्वी भांडी उचलावीत, सांडलेले दाणे झाडून घ्यावेत, अंडी गोळा करावीत. साठ्याचे धान्य गोणीत न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

वाट तोडण्यासाठी जाळी हवी. मात्र बाजारात मिळणारी षट्‌कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवीत नाही. उंदराचे पिलू अर्ध्या इंचाच्या फटीतून शिरते. म्हणून पाव इंच चौकोनी छिद्रांची, जोडकाम केलेली जाड तारेची जाळी घ्यावी आणि ती छपराच्या फटींनाही लावावी, कारण घरातला काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो. घूस मात्र खालून पोखरते. तिच्यासाठी जाळी खुराड्याच्या पायाशी बाहेरच्या बाजूस काटकोनात वाकवून फूटभर पसरावी व तिच्यावर माती दाबावी. भिंतीलगत उकरू लागताच तारेने तिची वाट अडते.

खुराडे हात-दीड हात उंच खांबांवर असेल तर उत्तमच. खालची जागा उघडी दिसते आणि बीळ लपत नाही. सरपणाचा ढीग, नारळाची सोडणे, जुनी कौले खुराड्यापासून दूर हलवावीत. उंदीर आडोशाआडोशाने चालतो. मोकळे अंगण ओलांडावयास तो भितो.

इतके केल्यावर उरलेल्या उंदरांसाठी पिंजरा ठेवावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवावे व आत खोबऱ्याचा तुकडा टाकावा. उंदीर निर्धास्तपणे खाऊ लागला की मग चाप लावावा. पिंजरा कोंबड्यांच्या आवाराबाहेर भिंतीलगत ठेवावा आणि मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. उंदीर कुंपण मानीत नाही. आपले खुराडे पक्के असून शेजारी उष्टे उघड्यावर पडत असेल तर उंदरांची वस्ती तशीच राहते. तेव्हा जाळी आणावयास जाल तेव्हा शेजारच्या काकूंनाही विचारा. त्यांच्याही मापाची जाळी एकदमच आणा. आणि आज संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी एकदा परसात जाऊन खाद्याचे भांडे उचलले आहे की नाही, एवढे पाहून या.