समाजमंदिर कोणाच्या दरसूचीने बांधावयाचे?

(घुग्घुस येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घुग्घुसमध्ये उभे राहून माती, बांबू आणि कवेलू यांच्या बांधकामाविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. या गावाच्या पोटातून शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा निघत आला आहे, गावाला लागून सिमेंटचा कारखाना आहे, आणि गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगराचे लोहखनिज ट्रकांत भरून येथील भट्टीपर्यंत येते. परंतु हा विषय काढावयाचा तर तो येथेच काढला पाहिजे. सिमेंटच्या गोणीचा भाव दुकानदाराच्या पाटीवर असतो, तिची खरी किंमत मात्र त्या पाटीवर नसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच गावातील आमराई प्रभागात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. जुन्या भूमिगत खाणीची पोकळी कोणत्या अंदाजपत्रकात मांडली होती? अर्थशास्त्रात आम्ही याला बाह्य परिव्यय म्हणतो. शब्द मोठा सोज्वळ आहे. त्याचा अर्थ इतकाच की नफा एकाचा आणि खड्डा दुसऱ्याच्या अंगणात.

सिमेंटची गोष्ट तर रसायनशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातील आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर यात धरलेलाच नाही. जगात माणसाच्या उद्योगामुळे जो कर्बवायू हवेत मिसळतो, त्यातील सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. धरण, पूल, रुग्णालयाची बहुमजली इमारत यांना सिमेंटवाचून गत्यंतर नाही, हे मी मान्य करतो. प्रश्न असा आहे की धानोरा, एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील तीस-चाळीस घरांच्या पाड्यावर जे एकमजली समाजमंदिर बांधावयाचे, त्यालाही तेच सिमेंट, तीच सळई आणि तोच स्लॅब का लागावा? चंद्रपूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. भर दुपारी सिमेंटच्या स्लॅबखाली सभा घेऊन पाहा. लोक उठून बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसतात. म्हणजे सभा झाडाखाली, आणि सभागृहात धानाची पोती व निवडणुकीतले जुने फलक!

याचे कारण लोकांच्या अज्ञानात शोधू नका. ते सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत आहे. ज्या वस्तूचा दर सूचीत छापलेला असतो, तिचेच अंदाजपत्रक मंजूर होते. विटा, सिमेंट व सळई यांचा दर सूचीत सहज सापडतो. कुडाची भिंत लिंपणाऱ्या किंवा बांबूची कैची बांधणाऱ्या कारागिराच्या कौशल्याला तेथे जागा मिळणे दुरापास्त. ज्याचा दर नाही त्याला मोल नाही, असा हा न्याय आहे. मग ठेकेदार शहरातून येतो, सामान शहरातून येते, गवंडीही बाहेरचा येतो, आणि ज्या गावाच्या नावाने पैसा मंजूर झाला त्या गावात त्यातील माती खणण्याची चार दिवसांची मजुरी तेवढी उरते. डोंगर खनिज होऊन बाहेर जातो, सळई होऊन परत येतो. दोन्ही वेळा वाहतुकीचा आणि दलालीचा पैसा दुसऱ्याचा.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाची हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. १९८० नंतरच्या दशकात, इंचमपल्ली व भोपालपटनम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाल्यानंतरच्या काळात, या गोंड गावाने आपला घोटुल पुन्हा उभारण्याचे ठरविले. घोटुल म्हणजे गावाची सामाईक वास्तू. तरुणांचे शिक्षण तेथेच आणि समाजाचा मेळही तेथेच. तो परंपरेप्रमाणे सागवानी लाकडाचा बांधला गेला. वनखात्याने लाकूड विनापरवाना आहे म्हणून तो उतरवून टाकला. तेव्हा परिसरातील ३२ गावांचे आदिवासी एकत्र आले आणि एकाऐवजी १२ गावांत घोटुल उभारण्याचा त्यांनी निर्धार केला. ज्या जंगलातून सागवान वर्षानुवर्षे गाड्या भरभरून शहरात गेले, त्याच जंगलात गावाच्या सामाईक घराला चार खांब मिळेनात, ही त्यातील मेख आहे. पुढे २००९ साली याच मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याच्या हाती आला. तेव्हा वास्तूचा प्रश्न हा मुळात साधनसामग्रीच्या मालकीचा प्रश्न आहे. वास्तुविशारद त्यात नंतर येतो.

दुसरे उदाहरण शोधग्रामचे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीत रुग्णालय उभारण्यापूर्वी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि नातेवाइकांना राहावयास जागा नसते, असे लोकांनी सांगितले. म्हणून तेथे गावाच्या वस्तीसारखी झोपड्यांची मांडणी झाली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. विचारण्याला फारसा खर्च येत नाही, तरी ते किती विरळा घडते!

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खरे आहेत. आदिवासी तरुण म्हणतो, ‘तुम्ही शहरात स्लॅबखाली राहता आणि आम्हाला मात्र मातीचे गुणगान ऐकवता.’ हा टोला योग्य ठिकाणी बसतो. ताडोब्याच्या वेशीवर पर्यटकांसाठी मातीच्या रंगाच्या भिंती आणि वातानुकूलन यंत्र असलेल्या ‘झोपड्या’ उभ्या राहतात, त्या पाहिल्या की त्याचा राग समजतो. शिवाय वाळवी आहे, पाऊस आहे, दरवर्षीचे सारवण आहे. आणि सारवण कोण करते? स्त्री करते, तेही विनामूल्य. तिच्या फुकट श्रमावर टिकणारी वास्तू मला तरी शाश्वत म्हणवत नाही. बांबूला आगीचेही भय आहे. चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची २०२१ साली आगीत मोठी हानी झाली, हे विसरून बांबूची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

पण यातून निघणारा निष्कर्ष सिमेंटच असे नाही. दगडाचे उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर भिंतीचा पाऊस अडवते. मातीत थोडा चुना किंवा सिमेंट मिसळून दाबून काढलेले ठोकळे दरवर्षी सारवावे लागत नाहीत. पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवला तर भुंगा व वाळवी यांना दाद देत नाही. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तीत सुमारे पाव हिश्शाने विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उन्हाची धग अडवते. आपल्या शेजारी वर्ध्याला १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तेथे कुंभाराने चाकावर घडविलेली शंकूच्या आकाराची मातीची कवेले एकात एक गुंफून कमानीचे छत उभारण्याची पद्धत सिद्ध झाली. तीत लाकूड नाही, सळई नाही, आणि कुंभाराला काम आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख तर तुमच्या दारातच पडली आहे. तिच्या विटा होतात. घुग्घुससारख्या गावाला राखेची वीट योग्य, भामरागडला माती व बांबू योग्य. साऱ्या राज्याला एकच नकाशा वाटण्याचा हट्ट तेवढा सोडावयास हवा.

कायद्याची अडचणही सांगितली जाते, तितकी ती नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, समाजकेंद्र अशा तेरा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे मात्र तोडता येत नाहीत. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट देण्याचा निर्णय २०१५ साली झाला. जागा आहे, पैसा आहे; नकाशा मात्र तालुक्याच्या कचेरीतून तयार होऊन येतो.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. जिल्ह्याच्या दरसूचीत मातीचे ठोकळे, प्रक्रिया केलेला बांबू, कवेलूंचे छत आणि ते काम करणाऱ्या कारागिराची मजुरी यांचे दर समाविष्ट व्हावेत. ती मजुरी गवंड्याच्या मजुरीहून कमी असू नये आणि लिंपणाऱ्या स्त्रीलाही तोच दर मिळावा. ठोकळ्यांच्या बळकटीची चाचणी चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शासकीय खर्चाने व्हावी. तो भुर्दंड ग्रामसभेवर नको. ग्रामसभेपुढे दोन अंदाजपत्रके यावीत, आणि प्रत्येकात एक जादा रकाना असावा: या रकमेपैकी किती रुपये गावातच मजुरी म्हणून राहतील? तो रकाना पाहूनही एखादी ग्रामसभा स्लॅबच निवडील, तर तो तिचा अधिकार आहे आणि मी त्याविरुद्ध बोलणार नाही.