आधी छत, मग किचन

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मीच बोलणार आहे. "घराचं काम काढायचंय, सुरुवात कुठून करू?" असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. उत्तर म्हणून माझीच फजिती सांगतो.

आमचं घर पिपरी मेघेला, वर्धा शहराला अगदी लागून. बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, कॉलम नाहीत. तीन वर्षांपूर्वी आम्ही काम काढलं. आजकाल सगळे करतात तेच करायचं होतं: मॉड्युलर किचन, नवीन टाइल्स, पीओपीचं छत. मिस्त्रीभाऊ गच्चीवर चढून आले आणि म्हणाले, "भाऊ, वरून पाणी मुरून रायलं, अन् तुमी खालून सजवून रायले."

मी ऐकलं नाही. गच्चीवर खर्च केला तर पाहुण्यांना काय दिसणार? पीओपी केलं. मागच्या खोलीत बाबांची खाट होती, त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. मे महिन्यात खोली जरा गार वाटली, हे खरं. पण ऑगस्टमध्ये छताला पिवळा डाग पडला, आणि एका रात्री पीओपीचा तुकडा खाटेजवळ पडला. हातभर अंतर. बाबांना पटकन उठताही येत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग पावसाळा संपल्यावर उलट्या क्रमाने काम केलं. पीओपी काढलं. गच्चीचा जुना फुटका थर खरवडला, भेगा भरल्या, विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला. कोब्यात महत्त्वाचा असतो उतार. दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार पाणी जाण्याच्या पाइपाकडे हवा. गच्ची आणि कठड्याची भिंत जिथे मिळते, तिथे गोलाई द्यायची, कारण पाणी बहुतेक त्याच कोपऱ्यातून मुरते. शेवटी पाइपाला बोळा लावून दोन दिवस पाणी साठवलं आणि खालून छत पाहिलं. ही परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नका.

वर चुन्याचे तीन हात दिले. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा फरक कळतो. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट. किचन आणि हॉलमधली भिंत पाडायची आमच्या सौ.ची फार इच्छा होती. पण कॉलम नसलेल्या घरात नऊ इंची भिंतच स्लॅबचा भार घेते. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय अशा भिंतीला हातोडा लावू नका. आम्ही भिंत ठेवली, फक्त ओटा बदलला.

त्यातून वाचलेले पैसे बाथरूमला लावले. खरबरीत टाइल्स, भिंतीला धरायला दांडा, उंबरठा काढला, दार रुंद केलं. बाबा आता एकटे जाऊन येतात. कमी खर्चाचं काम होतं हे, पण आमच्या यादीत सगळ्यात शेवटी होतं.

सोलरवाल्यांसाठी एक सूचना. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे, म्हणून गच्च्यांवर पॅनेल दिसू लागलेत. लावा, पण वॉटरप्रूफिंग आधी. पॅनेलचं स्टँड बसल्यावर खालचा कोबा दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

आपल्या जवळच सेवाग्राम आहे. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. बापू कुटी कधी नीट पाहिली का? मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, आणि भिंतींवर सावली धरणारे पुढे आलेले छप्पर. ऊन आणि पाऊस, दोन्हींचा विचार वरूनच सुरू होतो. आम्ही स्लॅबच्या घरात हे विसरलो.

तर मंडळी, पावसाळ्याआधी एकदा गच्चीवर चढा. पाणी कुठे साचते ते बघा, पाइपातला कचरा काढा. किचनचा कॅटलॉग त्यानंतर उघडा. तुमच्या घराचा अनुभव आम्हाला नक्की कळवा.