पाहुणचाराची पदवी



बारावी झालेलं पोरगं म्हणतं, "हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतो." घरची माणसं विचारतात, "भांडी घासायला पदवी कशाला?" आपल्या ढाणकीसारख्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यात बापाच्या कापसाचे पैसे आणि पोराची तीन वर्षं गुंतलेली असतात.

या विद्येची देशातली पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने ती काढली. आज ती दादरला आहे. स्वयंपाक, वाढणी, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा हे या शिक्षणाचे चार खांब.

आता तुम्ही म्हणाल, पाहुणचार तर आपल्या रक्तातच आहे! खरंच आहे. पण घरी आपण पाहुण्याची भाकर मोजत नाही. धंद्यात मोजली नाही तर चूल विझते. समजा, ५० जणांचं जेवण रांधलं, माल २,००० रुपयांचा लागला. ताटामागे ४० रुपये झाले. पण जेवायला आले ४०च. मग तेच ताट ५० रुपयांवर गेलं. गॅस, मजुरी, भाडं अजून निराळंच. हा हिशेब पदवीने शिकवलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवावं. मधल्या उष्णतेत रोगजंतू झपाट्याने वाढतात. तिसरी गोष्ट जिभेची. रागावलेल्या गिऱ्हाइकाचं आधी ऐकावं, चूक सुधारावी, कारणं मागाहून सांगावीत. आणि भांडं घासायची लाज वाटू नये. ज्याने स्वतः घासलं, त्यालाच दुसऱ्याचं काम पारखता येतं.

म्हणून शिक्षक मित्रांनो, विद्यार्थ्याला फी भरण्याआधी चौकशी करायला सांगा. कॉलेजात चालतं स्वयंपाकघर आहे का? विद्यार्थी रोज हाताने काम करतात का? प्रत्यक्ष हॉटेलात किती महिने उमेदवारी असते? नुसत्या पुस्तकावर मिळालेली पदवी भिंतीवर शोभेल, चूल पेटवणार नाही.

ही विद्या शहरापुरतीच आहे, असंही नाही. आपल्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तिथे येणाऱ्या प्रवाशाला स्वच्छ खोली, गरम भाकर आणि चोख बिल मिळालं, तर आपल्या पोरापोरींना गावाजवळच रोजगार उभा करता येईल.